कार्डाच्या पाठीवरचा नंबर

मंडळी, ऐका! आपली वाट अडवतो तो आपला वैरीच असतो का हो? — थांबा, लगेच मान डोलावू नका!

वाईच्या मालतीबाई आणि त्यांची लेक शर्वरी. शर्वरीच्या वडिलांना, अप्पांना, जाऊन सव्वा महिना झालेला. अप्पा सांगून गेले होते — "माझा शाळिग्राम ज्या नदीतला, तिथंच मला सोडा." म्हणजे गंडकी! म्हणजे नेपाळ! दोघी पोखऱ्याला पोचल्या. तिथून गंडकीकाठी जाणारं विमान लहानसं, तेही फक्त सकाळी — नंतर डोंगरात वारा सुटतो. परवा काठमांडूहून परतीचं तिकीट. आजचं विमान चुकलं, की अस्थींचा कलश तसाच वाईला परत!

तिकिटाच्या काउंटरवर शर्वरीनं क्रेडिट कार्ड दिलं. नाकारलं! पुन्हा दिलं. नाकारलं! रोख तेवढी नाही. फोनवरून पैसे? तिथं चालेनात.

"दीदी, वीस मिनिटांत काउंटर बंद," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

तेवढ्यात फोन. "मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड नेपाळमध्ये —" खट्! ठेवला. पुन्हा आला. पुन्हा खट्!

"अगं, बोल तरी!" मालतीबाई म्हणाल्या.

"आई, बँकेच्या नावानं येतो तो चोराचा फोन. अप्पांनीच शिकवलंय."

बघा गंमत! बँकेला वाटतं, कार्ड चोराच्या हातात. हिला वाटतं, फोनवर चोर. दोन राखणदार एकमेकांवर भुंकताहेत — आणि चोराचा पत्ताच नाही! हसताय? तुमच्या घरी वेगळं चालतं का?

"अर्धंच शिकलीस," मालतीबाई म्हणाल्या. "फोन ठेवायचा, आणि पुढे?"

शर्वरीनं कार्ड उलटं केलं. पाठीवर बँकेचा नंबर! आलेला फोन ठेवायचा, या नंबरावर आपण करायचा — अप्पा जेवताना सांगायचे, ही नुसती "हो हो" करायची. तिनं फोन लावला.

"कार्ड तुम्हीच वापरताय ना?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"मीच."

"मागच्या प्रवासाआधी कळवलं होतंत. या वेळी राहिलं?"

"तेव्हा आठवण करून देणारे होते," शर्वरी म्हणाली.

"बरं. आत्ता कुठे आहात? परत कधी?"

हेच दोन प्रश्न! अप्पा उंबऱ्यात उभे राहून विचारायचे, आणि ही चपला घालता घालता म्हणायची, "येईन हो, आले की!" आज नीट सांगितलं — "पोखरा. परवा परत."

कार्ड चाललं. विमान मिळालं. त्याच दिवशी, बोचऱ्या वाऱ्यात, मायलेकींनी अप्पांना गंडकीत सोडलं.

तेव्हा मंडळी, आता घरी जाल. दारात कुणी विचारेल, "कुठं होतास इतका वेळ?" चिडू नका. सरळ उत्तर द्या. पुढं बँकही विचारते हो — पण ती तुमच्यासाठी जेवायची थांबलेली नसते!