मोतीची रोवणी

कुत्र्याले काठी आणाचा नाद लावू नका बाप्पा! ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आंबागडले आमचा काका रिकामा बसला का काठी फेके, अन् मोती आणून देई. दिवसभर तेच.

मग धानाची रोवणी लागली. काका धुऱ्यावर उभा राहून रोपांच्या पेंढ्या खाली बांधीतल्या चिखलात रोप लावणाऱ्या बायांकडे फेके, अन् मोती चिखल तुडवत एकेक पेंढी वापस त्याच्या पायाशी! बाया रिकाम्या हातानं उभ्या.

आई ओरडली, "भाऊजी, रोवणी करून राहिले का कुत्रा खेळवून राहिले?"

मोतीले झाडाले बांधलं, तर दिवसभर रडला.

पुढच्या साली मोती नव्हता. काकानं पहिली पेंढी फेकली अन् तसाच थांबला.

चिखलातून आईच बोलली, "फेका भाऊजी. आता कोणी वापस आणत नाही."