सुपारी सोलायचं यंत्र

म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर श्रीवर्धनच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"जुनेरा, सुपारी सोलायचं यंत्र तू केलंस ना गो?"

"व्हय, सखूमावशी. जुन्या शिलाई मशीनच्या पायडलवर."

"मग बक्षिसाचं पत्र रफिकच्या नावानं कसं आलं?"

"फॉर्म मीच भरला. घरपट्टी, गॅस, रेशनकार्ड, सगळं ह्यांच्याच नावावर. हातानं आपोआप तेच लिहिलं."

"पण बक्षीस तर बायकांना हाय!"

"तेच तर मला कळत न्हाय. पत्रात लिवलंय, महिला संशोधक श्री. रफिक."

"कोणी वाचलं न्हाय का ते?"

"फोन केला मी. साहेब म्हणाले, नाव आता बदलत न्हाय. ज्याचं नाव, त्यानंच स्टेजवर यायचं."

"अगो, तो कुवेतला! त्यानं यंत्र बघितलंय तरी?"

"फोनवर. बघून म्हणाले, चांगली मशीन का मोडलीस?"

"मग आता?"

"सुट्टी घेऊन येतायत. स्टेजवर कोणी विचारलं तर सांगता यायला पायजे, म्हणून रोज फोनवर शिकवतेय."

"जमतंय का त्याला?"

"पातं कुठल्या बाजूनं बसवायचं, तिथंच अडकतात."

"आणि तू कुठं असणार तवा?"

"पत्रात खाली लिवलंय, सोबत एक व्यक्ती आणता येईल. मावशी, ती मी चालेन ना?"