मेहताशेठ बाहेर गेले

माफ करा, लिहून आणलंय, पण काना-मात्रा चुकले असतील आणि शब्दही साधेच आहेत, शाळा आठवीतच सुटली... पण तुम्हीच सांगा, स्वतःच्या दुकानात कोणी नोकर होतं का? मी झालो! आर्णीत मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं, म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटर लोकांनी आणायची, मी नवी तार भरून द्यायची... आणि पाटीवर काय लिहिलं? 'मेहता मोटर वाइंडिंग'! आर्णीत माझ्या माहितीत मेहता कोणी नाहीच, म्हणून तर घेतलं! वाटलं, संघर्ष खोब्रागडेकडे, म्हणजे माझ्याकडे, कोण मोटर टाकणार? झालं! जो येतो तो विचारतो, "शेठ कुठं हायेत?" 'मीच' म्हणायला तोंड उघडतो, आणि बाहेर काय पडतं? "शेठ बाहेर गेले."

तांड्यावरचे भीमसिंगकाका तर चालू मोटरला कान लावून म्हणतात, "काय हात हाये शेठचा! तू बी शिकून घे जरासं, नाहीतर जन्मभर पाने-पक्कड उचलत बसशीन!" तार भरून बोटं सोलली माझी, आणि हात शेठचा! मी म्हणतो, "हो काका, शिकून राह्यलो."

इथवर हसू तरी यायचं हो... पण परवा माय आली. गावाहून, एसटीनं, फडक्यात डबा बांधून, पहिल्यांदाच दुकान पाहायला. नेमके भीमसिंगकाका समोर! "ह्या बाई कोण रे?" आणि तुम्हाला सांगतो, माझी ही जीभ... "शेठच्या जेवणाची बाई."

मायनं माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता चप्पल काढते. काढायलाच पाहिजे होती! पण ती डबा ठेवून काकांना म्हणते कशी, "हो ना भाऊ, शेठले वांग्याची भाजी लय आवडते." मग मला, "गरम हाये तोवर दे बापा शेठले." आणि गेली... पाणीसुद्धा न पिता! तो डबा उघडणार कोण? शेठ बाहेर गेले होते ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली, मेहतावर रंग फासला आणि मायचं नाव लिहिलं, 'कांताबाई मोटर वाइंडिंग'. उतरतो तर खाली भीमसिंगकाका! म्हटलं, आज सांगायचंच. "काका, कालची बाई माझी माय. शेठ कोणी नव्हताच. सारं मीच करतो."

काका पाटीकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात, आणि चक्क डोळे पुसतात! "जेवणाच्या बाईच्या पोराले काम शिकवलं, दुकान बाईच्या नावानं करून देल्लं, अन् वरून आपलं नावबी घेऊ देत नाही! असा शेठ पाह्यला नाही बापा! हायेत का आत? पाया पडतो."

मी शिडी उचलत म्हटलं, "बाहेर गेले."