एम ए जे ए

तळवड्याच्या स्टॉपवर चाकणची बस यायची होती. बाकावर माझ्या शेजारी एक आजी, तिच्या पलीकडे गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली मुलगी. आजीनं मोबाइल तिच्यापुढं धरला.

"पोरी, ह्ये वाच बरं. नातीचं नाव हाय. जर्मनीत झाली."

"गोड आहे हो. एम, ए, जे, ए."

"मजा. मीबी तेच वाचलं. पोरीचं नाव मजा ठेवतं का कुणी?"

"मुलाला विचारा की."

"तिथल्या पोरीशी लगीन केलं, मी नको म्हनले. तवापासून बोलत न्हाई त्यो. काल एकदम ह्यो फोटो आला, खाली एवढंच."

"आजी, हे मजा नाही. आमच्या कंपनीत पोलंडची एक मॅडम यायची, तिचंही हेच नाव. आम्हीपण आधी मजा मॅडमच म्हणायचो. तिकडं, जर्मनीतपण, जे लिहून य म्हणतात. हे माया आहे."

"काय म्हनलीस?"

"माया. त्यांच्यात मारियाचं लाडाचं नाव आहे, म्हणे."

"आमच्यात भगवान बुद्धाच्या आईचं हाय."

"मग छान झालं, दोन्हीकडचं. चला आजी, बस आली."

"आमचं मालक गेल्यापासनं मला त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई."

"म्हणजे तुमचं नाव..."

"माझ्याशी एक शबूद बोलत न्हाई, आन तिकडं दिसभर माझंच नाव घेतोय व्हय?"