तळघरातला पंखा कोणी बंद केला, याबाबत पुरवणी जबाब

मी, वय ५७ वर्षे, धंदा बियरगृह चालवणे, राहणार त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, गिऱ्हाइकांत 'पिंपमास्तर' या नावाने ओळखला जाणारा, आज सकाळी पावणेअकरा वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून सांगतो की, काल संध्याकाळच्या माझ्या जबाबात तळघरातला पंखा माझ्या मेहुण्याने बंद केला, असे लिहिले आहे. ते खोटे आहे. पंखा मी बंद केला. मेहुणा अतिदक्षता विभागात असून अद्याप शुद्धीवर नाही, त्यामुळे मला खोटे पाडायला दुसरे कोणी नाही.

माझ्याकडे इंग्लिश पद्धतीची एल ही बियर मिळते. ती पिंपात शेवटपर्यंत जिवंत असते. तिच्यात वरून गॅस भरत नाहीत, तळघरातल्या पिंपातून हातपंपाने वर ओढून देतात. बारा अंशांवर तिचा खरा वास लागतो. त्याखाली ती मुकी होते, त्यावर गेली की नको ते बोलायला लागते.

मेहुणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, वय ४४, फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. रविवारी माझ्या मदतीला येतो. त्याला चेक पद्धतीची गारेगार लागर बियर आवडते. "दाजी, मी आयुष्यभर लोकांच्या वस्तू थंड करतो आणि तुम्ही कोमट पाणी विकता. ताईने स्थळ बघताना हे विचारलं नव्हतं," असे तो गिऱ्हाइकांदेखत म्हणतो.

तळघरात उघड्या हौदात नवी एल आंबवत ठेवलेली असते. आंबताना तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो दिसत नाही, जड असल्याने जमिनीलगत साचतो. तो बाहेर फेकायला मेहुण्याने स्वतः पंखा बसवला. बटण वर, गल्ल्यामागे आहे. त्यावर त्याने लाल खडूने लिहिले आहे: 'हात लावू नये. दाजींनी तर मुळीच नाही.'

गावात एल पिणाऱ्यांचे एक मंडळ आहे. एक निवृत्त दंतवैद्य त्याचे प्रमुख. वर्षातून एकदा ते मंडळाच्या यादीत कोणाचे नाव घालायचे ते ठरवतात. खिशात थर्मामीटर असतो. गेल्या वर्षी त्यांनी तो माझ्या ग्लासात बुडवला आणि म्हणाले, "चौदा. मास्तर, ही एल नाही, सूप आहे." सगळे हसले. मीही हसलो.

काल रविवारी ते चार वाजता येणार होते. सकाळी दहाला तळघरात साडेतेरा अंश होते. पंखा चालला की दाराच्या फटीतून बाहेरची गरम हवा आत ओढली जाते. मी बटण बंद केले. तीन वाजता पुन्हा चालू करायचे, असे ठरवले होते. तीनला मी विसरलो नव्हतो. तीनला साडेबारा होते. अजून अर्धा अंश पाहिजे होता.

चार वाजता दंतवैद्य पाच जणांसह आले. त्यांनी ग्लासात थर्मामीटर धरला आणि "बारा," एवढेच म्हणाले. वहीत काही लिहिले. मग पोर्टर, म्हणजे काळी बियर, मागितली. तिचे लहान पिंप खालीच असते, तोटीने जग भरून आणावा लागतो. मेहुणा जग घेऊन तळघराच्या दारापर्यंत गेला, थांबला.

"दाजी, पंखा चालू आहे ना?"

मी बटणाला पाठ लावून उभा होतो. "आहे," म्हणालो. तो खाली गेला. तेव्हा चार वीस झाले होते.

चार पंचवीसला दंतवैद्य म्हणाले, "मेहुणे पोर्टर भरताहेत की तयार करताहेत?" मी म्हणालो, "खाली लागर शोधत असेल." लोक हसले. चार एकतीसला मी दार उघडले. सोड्याचा घोट नाकात जावा तसे नाक झोंबले. तिसऱ्या पायरीवरून मला त्याचे पाय दिसले. तोटी उघडी होती, पोर्टर वाहत होती. मी पुढे उतरलो नाही. गॅसमध्ये पहिल्याला काढायला गेलेला दुसराही पडतो, हे मला त्यानेच शिकवले आहे. मी वर येऊन आधी पंखा चालू केला, मग ओरडलो.

अग्निशमनवाले चार चव्वेचाळीसला आले. ऑक्सिजनचे मास्क लावून त्यांनी त्याला वर आणले. त्यांच्या साहेबाने पंख्याचे विचारले. मी म्हणालो, "त्यानेच बंद केला असणार. त्याला सगळं गार करायचं वेड." पुन्हा कोणी विचारले नाही. ठाण्यातही तेच लिहून घेतले गेले.

आज सकाळी रुग्णालयात मी चहा घेऊन पत्नीपाशी गेलो. ती काचेला हात लावून आत निजलेल्या भावाला रागावत होती. "स्वतः बसवलेला पंखा बंद करतोस? अक्कल गहाण ठेवली होतीस का रे?" मग नर्सला म्हणाली, "लहानपणापासून असाच. सांगितलेलं ऐकायचं नाही." मी चहा तिच्या हातात दिला आणि निघालो.

एक सही राहिली आहे, असे तिला सांगितले. भेटीची पुढची वेळ एक वाजता असल्याने तीही सोबत आली असून बाहेर बाकावर बसली आहे. तिला मी घरी गेल्यावर सांगणार आहे. तोवर आपण काही बोलू नये, ही विनंती.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. हळू आवाजात वाचावा, असे मी म्हणालो. नियमाप्रमाणे स्पष्ट वाचावा लागतो, असे ते म्हणाले. दार उघडे होते. मजकूर मी सांगितला तसाच आणि खरा आहे. फक्त 'तिला मी घरी गेल्यावर सांगणार आहे' हे वाक्य खोडावे.

सही