गावदेवीचं पहिलं पाणी

भीमाबाई : तांब्या माज्या हातात दिलास, तवा मान खाली व्हती तुजी. मना वाटलं, पोर उन्हात दमलंय. आता खरं बोल महादेव, मंगळवारचं ते पानी कुठलं व्हतं?

महादेव : टाकीचंच, काकी.

भीमाबाई : चुलतीशी खोटं बोल, मी गिळन. पन ते पानी मी गावदेवीच्या पायावर घातलंय. सकाळपासून पान्याचा थेंब न घेता.

महादेव : जारचं व्हतं. नाक्यावरच्या दुकानातनं आनलं. टाकीचा नळ सोडला तर गढूळ आलं. सुपरवायझर सायेब बोलले, देवीपुढं असलं कसं नेनार, जार आन.

भीमाबाई : टाकी बांधल्यापासनं आपली रीत हाय. टाकीचं काम झालं की पयला तांब्या देवीला, मंग गावाला. ते नितळ पानी बघून पानी समितीच्या आमी सात बायांनी सह्या केल्या, टाकी आतनं धुतली म्हनून. तू बाजूला उभा व्हतास.

महादेव : काकी, मना ठेक्यावर ठेवलंय. सायेबच आले बघा.

(ठेकेदाराचा सुपरवायझर प्रितम बाईक लावून येतो.)

प्रितम : महादेव, गावाचं पाणी का नाही सोडलं अजून? उद्या जत्रा आहे, लोकांचे फोन येतायत. काय मावशी, तुम्ही इथे कशा?

भीमाबाई : मीच सोडू देत नाय. शेजारच्या वेणूनं काल नळाला फडकं बांधलं. सोडलं तर आत चिखल नि कबुतराची पिसं. तिची पोर उलट्या करून कामोठ्याला दवाखान्यात पडलीय. डॉक्टरनी इचारलं, पानी उकळून देता का? वेणू बोलली, आमची टाकी आताच धुतली, भीमाबाईंनी सही केलीय.

प्रितम : मावशी, सुरुवातीला थोडं येतंच तसं. टाकी रिकामी केली, माणसं आत उतरवली, गाळ काढला, ब्लीचिंग मारलं. सगळे फोटो आहेत.

भीमाबाई : दाखवा.

प्रितम : पनवेलच्या ऑफिसमध्ये आहेत.

महादेव : झाकण उघडलंच नाय, काकी.

प्रितम : तू तुझ्या व्हॉल्व्हचं बघ.

भीमाबाई : बोल तू.

महादेव : रंगवाल्यांसंगती मी वर व्हतो. झाकणाचे बोल्ट गंजून धरलेले, पाना फिरंना. मंग त्यांनी फटीवरनं, बोल्टावरनं तसाच निळा रंग फिरवला. आज सकाळी परत चढून बघितलं. रंगाला तडा पन नाय. बाहेर तेवढी धुतल्याची तारीख लिवली.

भीमाबाई : म्हंजे तवाच ठाव व्हतं तुला.

महादेव : व्हतं.

भीमाबाई : देवीनं तुला तोंड दिलंय ते भाकरी खायापुरतं नाय, महादेव.

प्रितम : ओके मावशी, मान्य. चूक झाली. जत्रा होऊ द्या, दुसऱ्या दिवशी माणसं लावतो, शब्द देतो. आज पाणी बंद ठेवलंत तर भंडाऱ्याचा भात कशात शिजवणार? लोक मला नाही, तुम्हाला बोलतील.

भीमाबाई : बोलू दे. भंडाऱ्याला टँकर लागतील, ते तुमी आनायचे, आजच. ह्या टाकीचा थेंब उद्या कुनाच्या पानात पडनार नाय. घरोघर मी जाते. सांगते, न बघता सही केली, माजं चुकलं. पयली वेणूकडं जाते.

प्रितम : आणि मी साहेबांना काय सांगू?

भीमाबाई : आत काय हाय ते बघा, मंग सांगा. झाकण आता माज्यासमोर उघडायचं.

प्रितम : असं लगेच नाही होत ते.

महादेव : पाना हाय माज्याकडं, तेल पन हाय. पन एकट्याच्यानं निघनार नाय, काकी. वर दोन मानसं लागतील.

भीमाबाई : बूट काढा, सायेब. शिडी खालनं हालते, मी धरते.