कोरी ट्यूब

...छे छे, अण्णा, दान दिलेल्या ट्यूबवर नाव बारीक कशाला? ठळकच काढू की! तुमचं, तीर्थरूपांचं, फोन नंबरसुद्धा. वीस वर्षं या देवळात शिडी लावून दिवे बसवतोय मी, असली पुण्याई रोज बघतो. ती बघा वर, राइस मिलवाल्या नटेशनची ट्यूब — नवरा, बायको, चार मुलं, सुना, सगळ्यांची नावं काचेवर लाल रंगात. उजेड? उजेडाला जागा कुठं उरलीय! पण देवाला कळलं ना कुणी दिली, झालं तर. खाली माणसं ठेचकाळेनात का! दुसऱ्यासाठी करण्यात सुख असतं म्हणतात ना, ते हेच — मान वर करून आपलंच नाव वाचायचं.

कुठली? ही, तळ्याच्या पायऱ्यांवरची? देवळाच्या कारभाऱ्यांनी चिठ्ठी दिली, ही काढून तुमची लावायची? नाही हो अण्णा, ही जागा सोडून मागा. कोरी आहे, दिसतंय मला, आंधळा नाही मी! लावलीय कुणीतरी. कोण ते मला काय ठाऊक, असेल एखादा खुळा. कुप्पम्मा फुलवाली इथूनच उतरते पाय धुवायला, नजर अधू — आडीच्या महिन्यात, आषाढात पडली, दोन महिने खाटेवर. तेव्हा इथं नावांनी बरबटलेली ट्यूब होती. आता उतरताना थांबते, वर बघते, म्हणते, ‘ज्यानं लावली त्याचं पोट गार राहो.’ मी तिथंच असतो, शिडी पुसत. शिडीत पुसण्यासारखं काय असतं? — काही नसतं. पण त्या वेळी रोज पुसतो. घरी बायको विचारते, दिवाळीचा सदरा घेतला नाहीत, पैसे गेले कुठं, अन् वर हसताय काय एकटेच...

असे बघू नका माझ्याकडे. बरं, मीच लावली! झालं समाधान? पण तिला कळता कामा नये. कळलं की उद्यापासून हात जोडेल, गजरे आणून देईल, दिसलो की वाकेल — मग मला काय राहिलं? नुसता हिशेब फिटला.

शूऽ, आली ती. टोपली ठेवली... अरे देवा! अण्णा, तुम्ही नेसलेली जरीकाठी वेष्टी बघून तिला लावणारे तुम्हीच वाटलात. विचारतेय, ‘तुम्हीच का हो लावली?’ — हो म्हणा. म्हणा लवकर! नावच हवं होतं ना तुम्हाला?

...हो हो, कुप्पम्मा, हेच ते. मोठ्या मनाचे आहेत.

वाका की जरा, अण्णा, तिचा हात पोचत नाही डोक्यापर्यंत. मिळाला आशीर्वाद? मग ती चिठ्ठी द्या इकडं आणि व्हा चालते.